डिस्चार्जचा अर्ज लिहायला बसण्याआधी

गेल्या आठवड्यात एक ताई आल्या होत्या. नवरा ग्रामसेवक, एसीबीची (लाचलुचपत विभागाची) ट्रॅप केस, म्हणजे सापळा रचून लाच घेताना पकडल्याची, दोषारोपपत्र दाखल झालेलं, आणि पिशवीत ही एवढी जाड फाइल. उघडून बघितली तर त्यात चांगल्या कामाची प्रशस्तिपत्रं, तक्रारदाराला अतिक्रमणाची नोटीस दिली होती तिची प्रत, सरपंचाशी झालेल्या वादाचे अर्ज. "मॅडम, हे सगळं लावा आणि खटला उभा राहायच्या आधीच यांना सोडवा, पोरीचं लग्न अडलंय." आता त्यांना कसं सांगायचं की ताई, यातला एकही कागद कोर्ट आत्ता बघणार नाही. पण सांगावं लागलंच.

डिस्चार्ज म्हणजे खटला सुरू व्हायच्या आधीच आरोपीला केसमधून सोडणं, आणि त्याचं गणित बऱ्याच जणांना उलटं वाटतं. आपली बाजू मांडायची ही जागाच नाही. सरकार पक्षाने जे कागद दिलेत ते सगळे खरे धरायचे आणि मग विचारायचं की एवढं खरं मानलं तरी गुन्हा बनतो का? ओरिसाच्या देबेंद्रनाथ पाढी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००४ सालीच सांगितलंय की आरोप निश्चितीच्या वेळी आरोपीने आणलेले कागद बघायचे नाहीत. त्याआधी सामल प्रकरणात म्हटलं होतं की जज पुरावा चाळू शकतो, पण तो फक्त गंभीर संशय उरतो का हे बघण्यापुरता. आणि २०२३ मध्ये गुजरातच्या दिलीपसिंह राव केसमध्ये तर बेहिशेबी मालमत्तेच्या आरोपातून हायकोर्टाने सोडलेल्या माणसाला सुप्रीम कोर्टाने परत खटल्याला उभं केलं, कारण हिशोबाचा खुलासा पटतो की नाही हे खटल्यातच ठरायचं.

लोक म्हणतात भुजबळांना महाराष्ट्र सदन केसमध्ये डिस्चार्ज मिळाला की सप्टेंबर २०२१ ला. हो मिळाला, पण तो त्या केसच्या कागदांवर मिळाला, तुमची केस तुमच्या कागदांवर चालणार.

मग शोधायचं कुठे? त्यांच्याच कागदात. मी सगळ्यात आधी मंजुरीचा आदेश काढते, म्हणजे खटला चालवायची परवानगी, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ची सँक्शन. खाली सही कुणाची आहे? ज्याला त्या कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढायचा अधिकार आहे त्याचीच मंजुरी लागते. कर्नाटकातल्या नंजप्पा नावाच्या ग्रामपंचायतीच्या बिल कलेक्टरवर ५०० रुपयांच्या लाचेची केस होती, मंजुरी भलत्याच अधिकाऱ्याने दिलेली, आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अशी मंजुरी असेल तर कोर्टाला दखलच घेता येत नाही, आरोपीला सुरुवातीलाच डिस्चार्ज करायला हवं होतं. आता सक्षम अधिकाऱ्यानेच सही केलीय पण डोकं न लावता केलीय, फाइल न वाचता केलीय, असं म्हणणं असेल तर ते बहुतेक वेळा खटल्यातच जातं. तरी मी तो मुद्दा अर्जात घेतेच, कारण याच कलमात लिहिलंय की हरकत आधी घेता आली असती का हे पुढे बघितलं जाईल. गप्प बसलात तर अपिलात तेच तुमच्या अंगावर येतं.

दुसरं म्हणजे लाच मागणी पडताळणीचा पंचनामा आणि रेकॉर्डिंगचं लेखी रूपांतर. सापळ्यातल्या नोटांची पावडर हाताला लागली म्हणून सगळं संपलं असं नसतं, मागणी दिसली पाहिजे. शब्द न् शब्द वाचा, पैशाचा विषय कोणी काढला, आरोपी नक्की काय बोलला, काम त्याच्याकडे होतं का. मात्र तक्रारदार फिरला की केस पडेल या भरवशावर राहू नका, डिसेंबर २०२२ च्या नीरज दत्ता निकालात पाच जजेसनी सांगितलंय की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर मागणी सिद्ध होऊ शकते.

आणि हे पण स्पष्ट सांगते की मी लाचेची बाजू घेत नाहीये. सातबाऱ्यासाठी पैसे द्यावे लागलेली माणसंही माझ्याकडे रडत आलीत. पण निलंबन, निर्वाह भत्त्यावर घर, निवृत्त झाला तर ग्रॅच्युइटी अडकलेली, हे सगळं दहा दहा वर्षं चालतं, आणि ज्या केसमध्ये कागदावरच दम नाही ती पहिल्याच पायरीवर थांबली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तसं सोडलं तरी ती निर्दोष मुक्तता नव्हे, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं. सरकार हायकोर्टात जाऊ शकतं.

सगळ्यात घाईची गोष्ट म्हणजे मुदत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम २६२, कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत डिस्चार्जचा अर्ज करायचा आहे. जुन्या कायद्यात अशी मुदत नव्हती त्यामुळे अजून कित्येक जण आरामात असतात.

ताईंना विचारलं प्रती कधी मिळाल्या, त्यांना आठवेना. मग दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन रोजनामा, म्हणजे केसच्या तारखांची नोंद, बघितला, ४३ दिवस झाले होते. फाइलमधली प्रशस्तिपत्रं आणि नोटीस बाजूला काढून त्यांना परत दिली, खटल्यात बचावाच्या वेळी लागतील म्हणून नीट जपून ठेवायला सांगितली, आणि मंजुरीचा आदेश समोर घेऊन बसले.