तिकडे दिवस जातो कसा?

मी आखेनच्या तांत्रिक विद्यापीठातून मास्टर्स करून परत आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कुणाचं पोर जर्मनीला निघालं, की त्याचे आईवडील अजून माझ्याकडेच येतात. पैशांचं गणित त्यांना माझ्याहून पाठ असतं. सध्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी उघडायच्या गोठवलेल्या बँकखात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे, मग दरमहा ९९२ हातात येतात, हे तेच मला सांगतात. खरा प्रश्न निघताना, चपला घालता घालता येतो. “पण काय गं, तिकडे दिवस जातो कसा?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दिवस जातो कामात, आणि त्यातलं बरंचसं काम अभ्यासाचं नसतं.

आधी अभ्यासाचंच सांगून टाकते. आपल्याकडे पंचाहत्तर टक्के हजेरीसाठी केवढी पळापळ! तिथे बहुतेक लेक्चरना तुम्ही आलात की नाही, याचं कुणाला सोयरसुतक नसतं. तास संपला की मुलं टाळ्या न वाजवता बाकावर टकटक करतात आणि निघतात. बऱ्याच विषयांत सगळी मदार शेवटच्या एका परीक्षेवर. मार्कांची गंगा उलटी: १.० म्हणजे अव्वल, ४.० काठावर पास, ५.० नापास. ‘लागली एटीकेटी तर लागली’ हा मुंबई विद्यापीठाचा धीर तिथे उपयोगी नाही. साधारण तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदाही गेलात, तर अभ्यासक्रमातूनच बाहेर. परीक्षेची नोंदणी आपण करायची, तयारी नसेल तर मुदतीत आपणच मागे घ्यायची. कुणी आठवण करत नाही. लायब्ररीत फेब्रुवारीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये जागा मिळत नाही, ती त्यामुळे.

आता घर. दुपारी मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, तीन-चार युरोत पोट भरतं. रात्रीचं आपलं आपण. आम्हा चौघींत एक स्वयंपाकघर होतं आणि फ्रीजचा एकेक कप्पा. अर्धा कोबी ठेवला की दह्याला जागा नाही. दारावर साफसफाईचा तक्ता: बाथरूम कुणाकडे, कचरा कुणाकडे. कचरा तर स्वतंत्र पेपरच म्हणा. पॅकिंगचं प्लास्टिक आणि पत्रा पिवळ्यात, कागद निळ्यात, भाजीची सालं वेगळी. काचेच्या बरण्या रस्त्यावरच्या पेट्यांत टाकायच्या, त्याही पांढरी, हिरवी, तपकिरी अशी काच निवडून. रविवारी त्या टाकायच्या नाहीत, खळखळाटाने शेजाऱ्यांची शांतता मोडते.

पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली चेपायची नाही. सुपरमार्केटातल्या यंत्राच्या तोंडात ती आडवी सरकवायची. ते तिला गोल गोल फिरवून बारकोड शोधतं, पसंत पडली तर आत ओढतं, नाहीतर थुंकल्यासारखी परत करतं. शेवटी चिठ्ठी मिळते, ती काउंटरवर दिली की बिलातून वजा. महिनाअखेरीला सगळ्या मजल्यांवरून बाटल्यांच्या पिशव्या खाली उतरायच्या आणि दूध-ब्रेडचं भागायचं.

रविवारी दुकानं बंद. दूध संपलं म्हणून खाली वाण्याकडे पळावं, तर वाणीच नाही. आखेनकरांची मात्र एक सोय आहे. शहर सीमेला चिकटून वसलंय आणि पलीकडच्या वाल्स या डच गावातली सुपरमार्केटं रविवारी उघडी असतात. म्हणून आम्ही बस पकडून परदेशातून कांदे आणायचो. एकदा बसमधूनच आईला कळवलं, “नेदरलँड्सला चाललेय.” तिने लगेच विचारलं, “ट्युलिप्सचे फोटो पाठव हं!” मी कोथिंबिरीचा पाठवला.

थंडीबद्दल सगळे विचारतात. थंडीचं काही नाही, जॅकेट मिळतं. अंधाराची तयारी ठेवा. डिसेंबरात साडेआठला उजाडतं आणि साडेचारला मावळतं. त्यातच मी विद्यापीठाच्या एका संस्थेत ‘हिवी’, म्हणजे विद्यार्थी-मदतनीस, होते. दुपारभर कुणाच्या तरी प्रयोगाचे आकडे तक्त्यात भरायचे आणि बाहेर पडेपर्यंत रात्र. आईच्या झोपायच्या वेळेला माझी संध्याकाळ व्हायची. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, त्यामुळे माझा फोन यायच्या आत तिचं दार-गॅस बघून झालेलं असायचं.

तर मुलाला काय शिकवून पाठवू, असं परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. म्हटलं, जर्मन शिकतोच आहे, ते चालू द्या. पण निघायच्या आधी महिनाभर घर त्याच्याकडे सोपवा. वाणसामान, भाजी, धुणं, कचरा, सगळं. आणि आठवण करायची नाही. संपलं तर संपलं.

काकू जरा गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “महिनाभर? अगं, पण मग आम्ही जेवायचं काय?”