म्युझिक कुठे नको ते कळणारी माणसं

रविवार, रात्री उशिरा

जेवताना हॉलमध्ये आईची सिरीयल चालू होती. सुनेच्या हातून कप पडला, बास एवढंच घडलं, पण ढँण ढँण करत तिघीचौघींचे क्लोजअप आणि प्रत्येक क्लोजअपला परत तेच म्युझिक. म्हटलं अगं आई, कप फुटलाय, माणूस नाही गेला. तर म्हणे तू गप जेव. तेव्हापासून डोक्यात बॅकग्राउंड म्युझिकच फिरतंय, झोप येईना म्हणून लिहून टाकते.

माझा लाडका नमुना म्हणजे 'जॉज', शार्कचा पिक्चर, १९७५, म्युझिक जॉन विल्यम्सचं. ते दोन सुरांचं म्युझिक सगळ्यांना माहितीये, डूं-डुं डूं-डुं. विल्यम्सने पियानोवर पहिल्यांदा वाजवून दाखवलं तेव्हा दिग्दर्शक स्पीलबर्गला वाटलं हा चेष्टा करतोय, तो हसलाच. पण झालं काय, की यांत्रिक शार्क समुद्रात सारखा बंद पडायचा, त्यामुळे पडद्यावर शार्क दिसतो कमी आणि ऐकूच जास्त येतो. हे सगळे सांगतात. मला खरं आवडतं ते वेगळंच. मध्ये दोन पोरं शार्कचा पुठ्ठ्याचा पर लावून पाण्यात लोकांना घाबरवतात ना, किनाऱ्यावर नुसती पळापळ होते, आणि तिथे ते म्युझिक वाजतच नाही! म्हणजे शार्क खरा असेल तरच वाजणार. विल्यम्स प्रेक्षकाशी खोटं बोलत नाही, मग नंतर ते दोन सूर आले की आपण निमूट घाबरतो.

बर्नार्ड हरमनचं बरोब्बर उलटं. 'सायको'त (१९६०) हिचकॉकला बाथरूमच्या खुनाच्या सीनला म्युझिक नको होतं, हरमनने तरी लिहिलं, ऐकल्यावर हिचकॉकच बदलला. अख्ख्या पिक्चरला फक्त तंतुवाद्यं, ना ड्रम ना ट्रम्पेट. व्हायोलिन असं किंचाळू शकतं हे मला त्याच्यामुळे कळलं. म्हणजे गप्प बसणं हाच काही नियम नाही, दिग्दर्शक नको म्हणतोय तिथेही हवं असेल तर हवंच.

आपल्याकडे काय होतं, गाणी एवढी चांगली असतात की बाकीच्या म्युझिककडे लक्षच जात नाही. 'शोले'ची गाणी सगळे गुणगुणतात पण मला विचाराल तर पंचमचं, म्हणजे आर. डी. बर्मनचं, त्यातलं बेस्ट काम म्हणजे तो माउथ ऑर्गन. पायरीवर बसून जय वाजवतोय आणि वर राधा एकेक दिवा मालवतेय, एक शब्द नाही कुणाच्या तोंडी. तो वाजवलाय भानू गुप्तांनी. अख्खी लव्हस्टोरी त्या चार ओळींवर उभी आहे.

आणि 'सैराट'. अजय-अतुल हॉलिवूडला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करून आले, थिएटरमध्ये लोक नाचले, पैसे उधळले, आणि शेवटच्या सीनला काहीच नाही. आवाजच बंद. एवढा ऑर्केस्ट्रा हाताशी असताना तिथे एक करुण बासरी टाकायचा मोह कुणालाही झाला असता, नागराजला आणि त्यांना तो झाला नाही याबद्दल मी त्यांना शंभर झिंगाट माफ करते (झिंगाटवर मीही नाचलेय, ते असो).

दक्षिणेतल्या संगीतकार इलयाराजांवर एक आख्खं पान लिहायला हवं, हजाराच्या वर पिक्चर, रीळ बघायचं आणि हातात वाद्य न घेता सरळ नोटेशन लिहायला बसायचं. पण आज नको, दोन वाजलेत.

फक्त वनराज भाटिया राहिले, ते लिहूनच झोपते कारण त्यांचं नाव कुणी घेतच नाही. मुंबईचा माणूस, लंडनला आणि पॅरिसला वेस्टर्न क्लासिकल शिकून आला, मग 'अंकुर'पासून (१९७४) दिग्दर्शक श्याम बेनेगलांचे किती पिक्चर त्यांनी केले, 'तमस'ला नॅशनल अवॉर्ड. पण मजा पुढेच आहे. 'भारत एक खोज' सिरीयलचं ते सृष्टी से पहले, जे लागलं की अजूनही अंगावर काटा येतो, ते त्यांचं, आणि धबधब्याखाली मुलगी आंघोळ करते त्या लिरिल साबणाच्या जाहिरातीतलं ला-लाला पण त्यांचंच!