सख्खा जेलीफिश

'जेलीफिश' हे नाव निम्मं तरी खोटं आहे, कारण तो मासा नाही. त्याला पाठीचा कणा नाही, मेंदू नाही, हृदयसुद्धा नाही. अंगात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच. इतपत खोटं मी चालवून घेतलं होतं. पण प्राणिशास्त्राच्या पुस्तकात 'खरे जेलीफिश' असे दोन शब्द दिसले आणि मी अडखळलो. म्हणजे ज्यांना बघून आपण पाय मागे घेतो, ते तोतये होते की काय?

या खऱ्यांच्या वर्गाचं नाव स्कायफोझोआ. ग्रीक भाषेत 'स्कायफोस' म्हणजे दोन कानांचा, खोलगट, मद्य पिण्याचा पेला. 'झोऑन' म्हणजे प्राणी. थोडक्यात, पेलाप्राणी. जेमतेम दोनशेएक जातींचं कुटुंब. वर्गाला हे नाव १८८७ साली मिळालं.

इंग्रजीत बोलताना यातला 'क' गिळून टाकतात आणि 'सायफोझोआ' म्हणतात. दुधावरच्या सायीसारखं ते पातळ, लिबलिबीत अंग डोळ्यांसमोर आणलं तर 'साय' काही वाईट नाही! पण घोटाळा पुढे होतो. निळ्या फुग्यासारखा तरंगणारा, लांबलचक दोऱ्यांनी डंख मारणारा फायसेलिया हा सायफोनोफोर. ते नाव 'सायफन'वरून, म्हणजे नळीवरून आलेलं. शिवाय तो एक प्राणी नव्हेच, एकमेकांना चिकटून राहणाऱ्या अनेक जीवांची वसाहत आहे. कानाला मात्र सायफोझोआ आणि सायफोनोफोर एका घरातले वाटतात. मराठी पुस्तकं 'स्काय' असं लिहितात, तेव्हा पेला पेल्याच्या जागी राहतो आणि नळी नळीच्या.

आता 'खरे' या शब्दाचं. मला तो भाषांतरातला आळस वाटतो. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: सख्खे. स्कायफोझोआ हे सख्खे जेलीफिश, बाकीचे चुलत. गंमत अशी, की बहुतेक नावलौकिक चुलत घरात गेला आहे. म्हातारपणी पुन्हा बाल्यावस्थेत जाऊ शकणारा, म्हणून 'अमर' म्हणवला जाणारा टरिटॉप्सिस हायड्रोझोआ या शेजारच्या वर्गातला. ज्याच्या अंगातल्या हिरव्या चमकत्या प्रथिनाच्या शोधाला आणि वापराला २००८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तो एक्वोरियाही तिकडचाच. फायसेलियासुद्धा. माणसाचा जीव घेण्याइतका जहाल विषारी पेटीच्या आकाराचा जेलीफिश पूर्वी सख्ख्यांत मोजत. १९७३ साली त्याची क्युबोझोआ ही वेगळी चूल मांडली गेली. त्याला चक्क भिंग असलेले डोळे आहेत. कंगवा-जेली म्हणतात त्या तर चुलतही नाहीत, संघच, म्हणजे वर्गाच्याही वरचा गटच, निराळा. आडनाव तेवढं सारखं.

सख्ख्यांकडे मग उरलं काय? चंद्रासारखा फिकट ऑरेलिया, सिंहाच्या आयाळीसारख्या झुपक्याचा सायनिया, आणि तो पेला.

पेल्याबद्दल माझी तक्रार अशी, की पोहणारा जेलीफिश दिसतो तो पालथ्या पेल्यासारखा. त्यात काही ओतायची सोय नाही. याचा थोडा उलगडा बालपणात होतो. बहुतेक सख्ख्या जेलीफिशांच्या अंड्यातून निघालेली अळी कुठेतरी चिकटून बसते आणि तिचा काही मिलिमीटरचा, वर तोंड नि भोवती स्पर्शक असलेला इवलासा पेला होतो. त्याचं नाव स्कायफिस्टोमा, पेलामुखी. पुढे त्याला आडव्या खाचा पडतात, ताटल्यांची चळत रचल्यासारखा तो दिसू लागतो आणि एकेक ताटली सुटून पोहत निघते. नॉर्वेतले धर्मोपदेशक-निसर्गअभ्यासक मायकेल सार्स यांनी १८२९ साली पेला आणि चळत हे दोन वेगवेगळे प्राणी समजून दोघांना वेगवेगळी नावं दिली होती. हे दोन्ही एकाच जेलीफिशचे अवतार आहेत, हे पुढे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना हसणं सोपं आहे. सुरवंट आणि फुलपाखरू एकच, हे आपल्याला तरी कोणी सांगितल्याशिवाय कुठे कळलं होतं?

तर पेला सुलटा असतो तो लहानपणी, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. नंतर वाचलं, की ही पिल्लं बऱ्याचदा खडकाच्या किंवा धक्क्याच्या खालच्या बाजूला चिकटतात आणि तिथे उलटीच लोंबकळतात.