स्टेशन विकलं गेलं तेव्हा मी ट्रॅफिकला होते

रेडिओत ‘ट्रॅफिक’ म्हणजे रस्त्यावरची कोंडी नव्हे. कुठली जाहिरात किती वाजता लागणार आणि ती खरंच लागली का, याचा हिशेब ठेवणारं खातं. मी त्या खात्यात होते, म्हणून आमचं स्टेशन विकायला निघालंय हे मला आरजेंच्या आधी कळलं. कुणी सांगितलं नाही. ‘गेल्या ३ वर्षांचे लॉग काढून ठेवा’ एवढाच निरोप आला. लॉग म्हणजे काय कधी वाजलं याच्या नोंदी. इतक्या जुन्या मालकाला कधी लागत नाहीत.

मग छाननी सुरू झाली. ट्रान्समीटर किती जुना, टॉवरचं भाडं कोण भरतं, गाण्यांच्या हक्कांची रक्कम थकली आहे का, कुठल्या जाहिरातदाराकडे किती येणं आहे. फ्रिक्वेन्सी मालकाची नसतेच, ती सरकारने मुदतीपुरती वापरायला दिलेली असते. म्हणून घेणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. अख्खी कंपनी घ्यायची, तर परवाना कंपनीच्या नावावर राहतो, पण जुनी देणीही गळ्यात पडतात. नुसती सामग्री घ्यायची, तर परवाना नावावर करायला परवानगी लागते. आमच्या खरेदीदाराने दुसरी वाट धरली. त्यामुळे आम्हा सगळ्यांना राजीनामे देऊन नवी नेमणूकपत्रं घ्यावी लागली. काहींना ती मिळालीच नाहीत.

परवानगी येईपर्यंतचे महिने सगळ्यात वाईट. स्टेशन जुना मालक चालवत होता, पण एक पैसाही नवा घालत नव्हता. तेवढ्यात समोरच्या स्टेशनची सेल्सची पोरं आमच्या जाहिरातदारांकडे ‘ते बंद होतंय’ सांगत फिरली. बंद होत नव्हतं, पण वर्षाचे करार महिन्यावर यायला तेवढं पुरलं.

स्टुडिओतल्या फोनशेजारी एक वही असे. पूल पाण्याखाली गेला, रक्त हवंय, पाणी उद्या येणार नाही, कुणाची म्हातारी आई घरातून निघून गेलीये, असे निरोप त्यात उतरवून घेत आणि सकाळी ७.४० ला वाचत. खरेदीदाराच्या हिशेबनिसाने विचारलं, “याचं उत्पन्न किती?” मी “शून्य” म्हणाले आणि त्याने तो रकाना खोडून टाकला.

उत्तर खोटं होतं. त्या निरोपांच्या लगतचा जाहिरातींचा ब्रेक आमचा सगळ्यात महाग ब्रेक होता आणि तो आधी भरायचा, कारण त्या वेळी कुणी रेडिओ बंद करत नसे. हे ट्रॅफिकला बसलेल्या माणसालाच दिसतं. मी गप्प बसले. नवं पत्र हवं होतं ना!

ताबा बदलल्यावर सकाळचा शो राहिला, निरोप गेले, बाकीचा दिवस बाहेरून यायला लागला. दुसऱ्या शहरात बसलेला आरजे चार तासांच्या शोच्या लिंका, म्हणजे गाण्यांमधलं बोलणं, अर्ध्या तासात रेकॉर्ड करायचा आणि त्या अनेक शहरांत वाजायच्या. आवाज आमच्या जुन्या आरजेंपेक्षा गोड होता, हे मान्य. पण बाहेर धो धो पाऊस आणि हा म्हणतोय, “काय मस्त ऊन पडलंय!” जवळ माणूस नसलेला रेडिओ किती महागात पडू शकतो, यावर अमेरिकेत वाद झाला होता. तिथे १९९६च्या कायद्याने एका मालकाकडे देशभरात किती स्टेशन असावीत याची मर्यादाच उठवली होती. २००२च्या जानेवारीत नॉर्थ डकोटातल्या मायनॉटजवळ मध्यरात्रीनंतर विषारी अमोनिया नेणारी मालगाडी घसरली, तेव्हा तिथली सहा व्यावसायिक स्टेशनं एकाच कंपनीच्या हातात होती. पोलिसांचं म्हणणं, लोकांना सावध करायला स्टेशनला केलेला फोन कुणी उचललाच नाही. इशाऱ्याची यंत्रणा कुणाची बिघडली यावर नंतर बरीच वादावादी झाली. आमच्याकडे तसं काही घडलं नाही. पण रात्री फोनजवळ माणूस नव्हता, एवढं खरं.

मला वाटलं होतं, आता समोरच्यांची चांदी. ऐकणारे त्यांच्याकडे गेलेही. पैसा मात्र गेला नाही. नवा मालक मोठ्या जाहिरातदारांना पाच शहरांचं एकत्र पॅकेज द्यायचा, त्यात आपल्या शहरातला स्पॉट, म्हणजे जाहिरात, जवळजवळ फुकट पडायचा. एकदा जाहिरातीचा दहा सेकंदांचा दर पडला की तो सगळ्यांचाच पडतो. छोट्या जाहिरातदाराला पॅकेज परवडत नव्हतं, तो समोर गेला, पण मोठ्यांची भरपाई त्याच्याने कशी होणार? समोरच्यांनी रात्रीची पाळी बंद केली, दोन माणसं कमी केली. विकलं गेलं आमचं, पण झळ त्यांनाही तेवढीच बसली.

दीड वर्षाने मी समोरच्याच स्टेशनात रुजू झाले, पुन्हा ट्रॅफिकलाच. ज्यांनी आमचे करार पळवले, त्यांच्याच शेजारी डबा खाते. पहिल्या आठवड्यात मी फोनशेजारी वही ठेवली. ७.४० ची वेळ मागितली, तेव्हा प्रोग्रॅमिंग खात्याने तोंड वाकडं केलं. या वेळी मी जुने लॉग सोबत घेऊनच गेले होते.

तीन आठवड्यांनी आमच्या एका जुन्या जाहिरातदाराचा फोन आला. त्याला स्पॉट हवा होता, पण एका अटीवर. “निरोपांच्या आधी नको. लोक तेव्हा एकमेकांना गप्प करत असतात. नंतर लावा.”