ब्रेस काढून खो-खो

आज संध्याकाळी शेजारची सातवीतली मुलगी एक्स-रेचं पाकीट घेऊन आली. स्कोलिओसिस, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकलेला. २८ अंशांचा बाक, ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक पट्टा, सांगितलाय. तिच्या आईचा पहिला प्रश्न, "ताई, आता हिचं खो-खो बंदच ना?"

नाही हो वहिनी, अजिबात नाही!

मलाही साधारण याच वयात कळलं होतं. पुढे वाकले की पाठीची उजवी बाजू वर यायची, युनिफॉर्म एका खांद्यावरून सतत घसरायचा. पीटीच्या तासाला मला झाडाखाली बसवायचे, सगळ्यांच्या चपला सांभाळायला. काळजीपोटीच असेल, पण पाठीपेक्षा ते बसवून ठेवणंच मनाला जास्त लागायचं. अजूनही आठवलं की राग येतो.

साध्या खेळण्याने बाक वाढत नाही. तो वाढण्याचा धोका असतो उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत, म्हणून तर ब्रेस तेव्हाच देतात. दिवसातले बरेच तास घालायचा, पण खेळायला आणि पोहायला बहुतेक डॉक्टर तो काढू देतात. उलट पोटा-पाठीचे स्नायू मजबूत झालेले चांगलेच. उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे. २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावला तो!

मुलगी इतका वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मावशी, पोल मारताना पाठीला झटका बसतो, तो चालेल?"

किती नेमका प्रश्न! गुरुवारी डॉक्टरांकडे जातायत, तिथे हाच आधी विचारायचा. मीही जातेय सोबत.