नळाच्या तोट्या आणि जिन्यावरचा कॅमेरा

गिरगावातल्या त्या चाळीतून मला कॅमेरा बसवायला बोलावणे आले, ते तिसऱ्या मजल्याच्या टोकाला असलेल्या सामायिक नळांच्या पितळी तोट्या चोरीला जात होत्या म्हणून. भंगारात पितळेला भाव चांगला मिळतो, त्यामुळे नवी तोटी बसवली की थोड्याच दिवसांत तीही नाहीशी व्हायची. बोलावणारे अण्णा हे निवृत्त गृहस्थ. खर्च त्यांचा ठाण्याला राहणारा मुलगा करणार होता आणि कॅमेऱ्याची जागाही त्यानेच फोनवर ठरवून टाकली होती: अण्णांच्या दारावर, गॅलरीच्या अलीकडच्या टोकाला, तोंड थेट नळांकडे आणि त्यांच्यालगतच्या न्हाणीघराकडे.

शिडीवर चढून मी भिंत ठोकून पाहत होतो, कारण अशा जुन्या इमारतींत विटांच्या मध्येच लाकडी खांब लागतो आणि ड्रिल चालवण्यापूर्वी अंदाज घ्यावा लागतो. तेवढ्यात शेजारच्या काकू बाहेर आल्या. कॅमेरा कुठे पाहणार, हे त्यांनी मला विचारले आणि उत्तर मात्र अण्णांना दिले. "म्हणजे आमच्या सुना सकाळी न्हाणीघरातून केस पुसत येणार आणि ते तुमचा मुलगा ठाण्यात बसून मोबाइलवर बघणार, असंच ना अण्णा?" अण्णा निरुत्तर झाले. चाळीत अशा वेळी दारे उघडायला उशीर लागत नाही. पाहता पाहता निम्मा मजला गॅलरीत जमला.

मी मुलाला फोन लावला. आपल्या दारावर आपला कॅमेरा लावायला कोणाला विचारायचे, असा त्याचा सवाल होता. दार त्याचे असले तरी गॅलरी सगळ्यांची आहे, हे मी त्याला सांगितले. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 2017 साली एकमताने म्हटले आहे, आणि खासगी क्षणी स्त्रीचे चित्रीकरण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. नुसती गॅलरी टिपणे म्हणजे तो गुन्हा नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु न्हाणीघराच्या दारावर रोखलेला कॅमेरा मी तरी लावणार नाही, असे मी त्याला स्पष्ट सांगितले.

तरीही वाद केवळ तत्त्वाचा राहिला असता, तर तो संध्याकाळपर्यंत मिटला नसता. म्हणून मी कॅमेरा हातात धरून टेस्टरला जोडला आणि त्याच्या छोट्या पडद्यावरचे चित्र अण्णा आणि काकू या दोघांनाही दाखवले. पुढे दोरीवर वाळत घातलेली लुगडी वाऱ्याने हलत होती. हालचालीवर सूचना देणारी यंत्रणा त्यांनीच दिवसभर वाजत ठेवली असती. मागे नळापाशी काकूंची धाकटी सून बादली भरत उभी होती, पण तिचा चेहरा म्हणजे नखाएवढा पुसट डाग होता. "ही आमची सून?" काकूंनी विचारले, आणि अण्णाच पहिल्यांदा हसले.

याचे कारण सरळ आहे. अनोळखी माणसाची ओळख पटवायची, तर प्रत्यक्षातल्या दर मीटर रुंदीमागे चित्रात सुमारे 250 पिक्सेल हवेत, असा या क्षेत्रातला आंतरराष्ट्रीय संकेत आहे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रुंदी 1920 पिक्सेलची, म्हणजे माणूस उभा आहे तिथे दृश्याची रुंदी साडेसात मीटरांच्या आत राहिली पाहिजे. घरगुती कॅमेऱ्यांत सर्रास येणारी 2.8 मिलिमीटरची रुंद लेन्स ही मर्यादा चार मीटरांच्या आसपासच्या अंतरावरच ओलांडते. तिला सगळे दिसते, पण ओळखू कोणीच येत नाही. गिऱ्हाईक मात्र "सगळं दिसतंय ना?" एवढेच विचारते.

चोर ज्या वाटेने येतो ती वाट मात्र अरुंद होती. मजल्यावर यायला लाकडी जिना एकच, आणि त्यावरून येणाऱ्याला कठड्यापाशी वळावेच लागते. कॅमेरा तिथे, आढ्याला न लावता डोक्याच्या थोडासाच वर बसवला, म्हणजे टोपी आणि टक्कल टिपण्याऐवजी तो चेहरा टिपेल. खालच्या दारातून दिवसा इतका उजेड येतो, की चढणाऱ्याची नुसती काळी आकृती दिसत होती. डब्ल्यूडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार दोन्ही एकाच चित्रात सांभाळणारी सोय, सुरू केल्यावर नाकडोळे उमटले. रात्री इन्फ्रारेडचा प्रकाश लगतच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून चित्र धुरकट होत होते, म्हणून कॅमेऱ्याचे तोंड भिंतीपासून जरासे फिरवले. जिन्यालगतच्या खोलीचे दार चित्राच्या कोपऱ्यात येत होते, त्यावर काळा पट्टा टाकला. तेवढा भाग आता रेकॉर्डच होत नाही. मायक्रोफोन बंद केला, कारण जिन्यात जे बोलले जाते ते साठवून ठेवण्याचे काही कारण नव्हते.

रेकॉर्डरचे घड्याळ मी नेहमीच दोनदा तपासतो. चित्रीकरण पोलिसांकडे द्यायची वेळ आली, तर वेळेतल्या फरकावरून आधी गोंधळ होतो आणि मग खुलासे देत बसावे लागते. मूळ पासवर्ड बदलणे तर अनिवार्यच. 2016 साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. इथे नवा पासवर्ड कोणाकडे ठेवायचा, यावर पुन्हा चर्चा झाली आणि तोडगा काकूंनीच काढला: अर्धा अण्णांनी टाइप करायचा, अर्धा त्यांनी. चोरी झाली, तर दोघांनी मिळून पाहायचे. रेकॉर्डर इंटरनेटला जोडलाच नाही. पैसे मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांनी वाटून घेतले.

मी वायरीचे उरलेले वेटोळे गुंडाळत असताना मुलाचा पुन्हा फोन आला. चित्र मोबाइलवर कधी दिसू लागेल, अशी विचारणा होती. अण्णांनी फोन माझ्या हातून घेतला. "दिसणार नाही," ते म्हणाले, "रविवारी ये, जिना चढून."