आधी कोरडं वाजव

आमच्या हौशी संचाचा लावणी-भावगीतांचा कार्यक्रम ठरला तेव्हा ढोलकी, तबला आणि पेटीला माणसं होती. हलगी, घुंगरू, मंजिरी, टाळी हे सगळं माझ्या ऑक्टापॅडवर, म्हणजे काठीने वाजवायच्या आठ रबरी पॅडच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर आलं. ऑक्टापॅड हे खरं तर रोलँड कंपनीच्या यंत्राचं नाव. १९८५ साली त्यांचा पहिला ऑक्टापॅड, पॅड-८, आला. त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. काठी मारली की मिडीच्या (वाद्यांच्या आपसातल्या डिजिटल भाषेच्या) वायरीतून दुसऱ्या यंत्राला निरोप जायचा आणि आवाज तिकडून निघायचा. आपल्याकडे मात्र आठ पॅडचं काहीही असलं तरी वाजवणारे त्याला ऑक्टापॅडच म्हणतात. माझंही दुसऱ्याच बनावटीचं, वापरलेलं घेतलेलं.

पंधरा दिवस रोज रात्री हेडफोन लावून मी इफेक्ट लावत बसले. हलगीला मोठ्या सभागृहाचा रिव्हर्ब (घुमारा) दिला, टाळीला डिले (ठरावीक वेळाने पुन्हा उमटणारा आवाज), घुंगरू उजव्या कानात, मंजिरी डाव्या कानात. ऐकताना अंगावर काटा यायचा. पहिल्या तालमीत ढोलकीवाल्या काकांनी एक लावणी पूर्ण होऊ दिली आणि म्हणाले, "पोरी, ते सगळं काढ. आधी कोरडं वाजव."

सगळे इफेक्ट शून्यावर आणले आणि रिव्हर्बखाली काय काय झाकलं गेलं होतं ते उघडं पडलं. हलगीच्या पॅडवर जोरात काठी पडली की शेजारच्या पॅडमधून घुंगराचं बारीक 'छुन्न' येत होतं. मंजिरीची नाजूक टिचकी कधी उमटायची, कधी गिळली जायची. टाळीचा प्रत्येक आघात एकाच वजनाचा.

याचं कारण रबराखाली असतं. तिथे पिझो नावाच्या सेन्सरची चकती असते. हादरा बसला की ती विजेचा छोटा झटका देते. हादरा माझ्या काठीचा की स्टँडमधून आलेला, हे तिला कळत नाही. म्हणून मी आधी पाना घेतला. स्टँडच्या पट्टीचा बोल्ट सैल होता, तो आवळला, पायांखाली जाड रबरी मॅट घातली. निम्मा त्रास तिथेच गेला. उरलेल्यासाठी क्रॉसटॉकची, म्हणजे शेजारच्या पॅडचा हादरा किती दुर्लक्षायचा त्याची, किंमत एकेक आकडा वाढवत नेली. इथे घाई केली की फसगत होते, कारण ती फार वाढवली की दोन पॅड एकदम वाजवल्यावर हलका आघात यंत्र खाऊन टाकतं. माझ्या वादनात हलगी आणि टाळी सतत जोडीने येतात. त्यामुळे प्रत्येक आकड्यानंतर एकदा एकटी हलगी, एकदा जोडी, असं दोन्ही वाजवून बघत होते. जिथे 'छुन्न' थांबलं आणि टाळीही शाबूत राहिली, तिथेच थांबले.

मग मंजिरीच्या पॅडचा थ्रेशोल्ड खाली आणला. थ्रेशोल्ड म्हणजे किती हलका आघात मोजायचा त्याचा उंबरठा. टाळीची सेन्सिटिव्हिटी कमी केली. मिडीत आघाताचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत जातो. माझा पॅड इतका हळवा ठेवला होता की मध्यम काठीलाच तो १२७ ला जाऊन टेकायचा, मग जोर दाखवायला जागा उरणार कुठून? खूण सोपी आहे: हळू, मध्यम, जोरात असे तीन आघात करायचे आणि ते तीन वेगळे ऐकू येतात का ते बघायचं.

सुराचा प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता. काही जागांसाठी मी तबल्याच्या दायाचा, म्हणजे उजव्या हाताच्या सुरात लावलेल्या तबल्याचा आवाज घेतला होता, तो पेटीच्या पांढरी एकला लागलेला. आमच्या गायिकेचा सा काळी चारला. म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजून चार पट्ट्या खाली किंवा आठ वर. खाली आणला की आवाज लांबतो आणि चिखलासारखा होतो. वर नेला की डबड्यासारखा वाटतो. काकांची ढोलकी तर गायिकेच्या स्वराला मिळवलेली, समोर तीच वाजत असताना माझा उसना स्वर कशाला हवा? तो आवाज काढला आणि त्या जागा हलगीला दिल्या. हलगीचा डिके (आवाज विरत जाण्याचा वेळ) मात्र थोडा कापला, म्हणजे पुढच्या आघाताआधी मागचा आवाज संपतो.

डिलेचा हिशोब मी पक्का केला होता. साठ हजारांना लयीने भागायचं. मिनिटाला १२० मात्रा असतील तर मात्रेला ५०० मिलिसेकंद. पण लावणीची लय शेवटाकडे चढते. काका तोडा घेऊन पुढे निघाले की माझा डिले जुन्याच लयीत मागून टाळ्या मारत राहायचा. तोही काढला. जिवंत ढोलकीबरोबर ठरीव डिले मला तरी पटत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी साउंड चेकला घुंगरू गायब. माझ्या मॉनिटर स्पीकरमध्ये नाही, बाहेरही नाही. पाच मिनिटं मी पॅडच तपासत होते. मग लक्षात आलं: ध्वनिव्यवस्थेकडे फक्त लेफ्ट/मोनो जॅकची लाइन गेली होती आणि राइट जॅकमध्ये माझी जादा वायर नुसती लटकत होती. राइटमध्ये वायर असली की यंत्र दोन्ही बाजू वेगळ्या काढतं. घुंगरू उजवीकडे होतं, ते त्या लटकत्या वायरीत चाललं होतं. वायर उपटली, घुंगरू आलं. तरीही सगळे आवाज डावी-उजवीकडून मध्यावर आणून किट, म्हणजे आवाजांची ती सगळी जुळणी, सेव्ह केलं. यंत्र बंद-चालू करून सेव्ह झालंय याची खात्रीही केली.

त्या सभागृहाच्या भिंती उघड्या, स्वतःचाच इको भरपूर. म्हणून हलगीला रिव्हर्ब शून्य ठेवला, टाळीला अगदी थोडा. कार्यक्रमात काकांची चाट (ढोलकीच्या कडेवरचा आघात) आणि माझी हलगी एकमेकींच्या अंगावर न पडता वेगळ्या ऐकू आल्या.

महिन्याभराने मोकळ्या मैदानावर वाजवलं. तिथे आवाज परतवायला भिंतच नव्हती आणि टाळी अगदी कोरडी पडली. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी टाळीचा रिव्हर्ब दुप्पट केला. हलगीला तेव्हाही हात लावला नाही.